साडेपाचशेची रेघ

शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ५५० मिलिग्रॅम. डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरच्या औषधाची ही आयुष्यभराची कमाल मात्रा. १९७० च्या दशकात ठरलेला हा आकडा पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या डॉक्टरांना पाढ्यासारखा पाठ होता. मध्यम बांध्याच्या, सुमारे १.६ चौरस मीटर पृष्ठभागाच्या माणसासाठी हा हिशेब ८८० मिलिग्रॅमवर येऊन थांबतो. तेवढे औषध शिरेत गेले की केमोची पुढची सायकल बंद, मग गाठ विरघळत असली तरी. कारण त्यापलीकडे हृदय थकते, त्याचे पंपिंग खालावते, जिना चढताना धाप लागते, पायांवर सूज येते. त्याच्या अलीकडे मात्र निर्धास्त राहावे, असा समज होता आणि सगळा घोळ या दुसऱ्या अर्ध्यातच आहे. कर्करोगाच्या उपचारांत हृदय कसे जपायचे, याचे शास्त्र उशिरा उभे राहिले याचे कारण सहसा 'तेव्हा ठाऊकच नव्हते' असे सांगितले जाते. कागदपत्रे तसे म्हणत नाहीत. हृदयाला इजा होते हे जवळजवळ पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मोजणी मात्र अशी होती की फक्त कोसळलेले हृदय दिसे, कुरतडले जाणारे दिसत नसे. ५५० ची रेघ हृदयाने आखलेली नव्हती. ती मोजणाऱ्यांनी आखली होती, आणि पुढे प्रत्येक वेळी मोजण्याची रीत बदलली तेव्हाच ती हलली.

या औषधाचा जन्म मातीतला आहे आणि तो किस्सा औषधांच्या इतिहासात बराच देखणा आहे. इटलीच्या दक्षिणेला, पुलिया प्रांतात, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने तेराव्या शतकात बांधलेला कास्तेल देल मोंते नावाचा अष्टकोनी किल्ला आहे. १९५० च्या दशकात मिलानच्या फार्मइटालिया कंपनीच्या संशोधकांनी त्या परिसरातली माती तपासली आणि तिच्यात लाल रंगद्रव्य तयार करणारा एक जिवाणू सापडला. स्ट्रेप्टोमायसिनच्या यशानंतर साऱ्या जगाला मातीचे वेड लागले होते. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही त्याच ध्यासातून हॅमायसिन निघाले आणि त्या जिवाणूचे नाव गावावरून 'स्ट्रेप्टोमायसेस पिंपरिना' असे पडले. इटालियनांनी नावासाठी गावाऐवजी इतिहास निवडला. रोमनांच्याही आधी त्या भागात राहणाऱ्या प्युसेती लोकांवरून जिवाणूचे, आणि डाउनी लोकांवरून औषधाचे. त्याच सुमारास फ्रान्समध्येही स्वतंत्रपणे तोच रेणू हाती लागला होता आणि त्याला माणकावरून नाव दिले गेले होते. दोन्ही नावांचा समेट होऊन 'डॉनोरुबिसिन' झाले. मग फार्मइटालियात आउरेलिओ दि मार्को आणि फेदेरिको आर्कामोने यांच्या गटाने त्या जिवाणूत बदल घडवून त्याचा अधिक गुणकारी भाऊबंद मिळवला. त्याला एड्रियाटिक समुद्रावरून एड्रियामायसिन म्हटले गेले, तेच डॉक्सोरुबिसिन. रंग इतका गडद की लघवीही एक-दोन दिवस लालसर होते आणि ते रक्त नव्हे हे घरच्यांना समजावून सांगावे लागते. स्तनाचा कर्करोग, हॉजकिन आणि इतर लिम्फोमा, रक्ताचा कर्करोग, हाडांचा सार्कोमा अशा इतक्या वेगवेगळ्या दुखण्यांवर चालणारी औषधे तेव्हा फारशी नव्हती. १९७४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

त्याआधीच धोक्याची घंटा वाजलेली होती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील शार्लट टॅन आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये डॉनोरुबिसिनचा अनुभव प्रसिद्ध केला, त्यात हृदयावरच्या विषारी परिणामाची नोंद आहे. १९७३ मध्ये लेफ्राक आणि सहकाऱ्यांनी डॉक्सोरुबिसिन घेतलेल्या ३९९ रुग्णांचा आढावा घेतला. त्यांतल्या ११ जणांचे हृदय गंभीररीत्या निकामी झाले होते. एकूण मात्रा ५५० च्या आत असलेल्या ३६६ जणांत असा एकच, आणि तिच्या वर गेलेल्या ३३ जणांत १०. हे आकडे समोर ठेवले की रेघ का ओढली गेली हे वेगळे सांगावे लागत नाही. एका बाजूला सपाट मैदान, दुसऱ्या बाजूला कडा. कोणीही तिथेच कुंपण घालेल. पण सहाच वर्षांनी, १९७९ मध्ये, फॉन हॉफ आणि सहकाऱ्यांनी ३,९४१ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा कडा नाहीसा झाला आणि चढण दिसू लागली. ४०० मिलिग्रॅमला सुमारे ३ टक्के, ५५० ला ७, ७०० ला १८. म्हणजे ५५० च्या अलीकडेही धोका शून्य नव्हता, तो वाढत वाढत तिथवर येत होता. आलेख सर्वांनी पाहिला, पुस्तकांत छापला, आणि व्यवहारात तरीही रेघच ठेवली. चढणीला नियम लावता येत नाही. रेघेला लावता येतो, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात कनिष्ठ डॉक्टरलाही तो पाळता येतो. हा व्यावहारिक शहाणपणा होता, त्याला हसण्याचे कारण नाही. फक्त त्याची किंमत कोणाच्या खात्यावर पडली, ते पाहायला हवे.

या दोन्ही पाहण्यांत मोजले काय गेले होते? जुन्या केसपेपरांवरून, डॉक्टरच्या नजरेला हृदय निकामी झालेले दिसले असे रुग्ण. ज्याला अजून धाप लागलेली नाही, पण ज्याच्या हृदयाची ताकद चौथ्या हिश्श्याने घटली आहे, तो या हिशेबात निरोगी. जो उपचारानंतर चौथ्या वर्षी गावी गेला आणि तिथे 'दम्याने' वारला, तोही बहुधा निरोगी. त्या काळात अनेक रुग्ण हृदय दाद मागण्याआधीच कर्करोगाने जात, त्यामुळे छेदस्थानी असलेली संख्या फुगलेली आणि अंशस्थानी असलेली आकसलेली. हा निव्वळ तर्क नाही. २००३ मध्ये सँड्रा स्वेन आणि सहकाऱ्यांनी तीन चाचण्यांतल्या ६३० रुग्णांच्या नोंदी तपासल्या. या चाचण्यांत हृदयाची तपासणी ठरावीक वेळी करायचीच होती. त्यांचा अंदाज आला: ४०० ला ५ टक्के, ५५० ला २६, ७०० ला ४८. औषध तेच, माणसाचे हृदय तेच, आणि ५५० चा आकडा ७ वरून २६ वर. यावर रास्त आक्षेप असा की स्वेनच्या पाहणीत मोठ्या मात्रेपर्यंत पोचलेले रुग्ण थोडे होते, त्यामुळे टोकाचे आकडे डळमळीत आहेत, आणि हे रुग्ण स्तनाच्या व फुप्फुसाच्या कर्करोगाचे, म्हणजे वयाने थोराडच होते. आक्षेप मान्य. २६ हा शेवटचा शब्द नव्हे. पण मुद्दा २६ खरे की २० हा नाहीच. नीट पाहिले की आकडा चढतो, आणि तो एकाच दिशेने चढतो, ही गोष्ट त्या डळमळीतपणानेही झाकली जात नाही.

याहून मोठा आक्षेप वेगळा आहे. आज मागे वळून हे सगळे बोलणे सोपे आहे, असे कर्करोगतज्ज्ञ म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी पहिल्यांदा रोग हटवून दाखवला तोही काही महिन्यांपुरता. पसरलेला हॉजकिन म्हणजे बहुतेक वेळा मृत्यू. ज्याच्या हाती सहा महिने आहेत त्याला वीस वर्षांनंतरच्या हृदयाची काळजी कोणी सांगावी? 'रोगापेक्षा औषध भयंकर' ही म्हण इथे सरळ अन्यायकारक ठरते, रोग त्याहून कितीतरी भयंकर होता. पण हा बचाव एका ठरावीक काळापुरताच टिकतो. मिलानमध्येच जानी बोनादोना यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर एबीव्हीडी ही चार औषधांची जोडणी मांडली. तिच्यातला 'ए' म्हणजे एड्रियामायसिन. तिच्या सहा सायकलींत डॉक्सोरुबिसिनची एकूण मात्रा सुमारे ३०० भरते, म्हणजे रेघेच्या पुष्कळ आत. हॉजकिनचे तरुण रुग्ण आता बरे होऊ लागले होते, विशी-तिशीत घरी परतत होते. त्यांच्यापुढे चाळीस-पन्नास वर्षे होती. ज्या दिवशी रुग्ण बरा होऊ लागला त्याच दिवशी मोजणीची मुदतही वाढायला हवी होती. ती वाढली नाही, कारण 'बरा झाला' या शब्दाने फाईल बंद होत असे. कर्करोगवाल्यांच्या लेखी तो यशस्वी, हृदयरोगवाल्यांच्या लेखी तो अजून रुग्णच नाही. अज्ञान नव्हते. ज्ञान होते, त्याला घरमालक नव्हता.

दोन्ही बाजू एकाच आवारात नांदत होत्या तिथे काय झाले, हे पाहिले की हा मुद्दा पटतो. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डमध्ये हेन्री कॅप्लन यांनी १९५६ पासून लिनियर अॅक्सिलरेटरने किरणोपचार सुरू केले आणि हॉजकिनच्या रुग्णांना मान, काख आणि छातीच्या मधल्या भागावर शेक देण्याची पद्धत बसवली. त्याच ठिकाणी नॉर्मन शमवे यांनी १९६८ मध्ये अमेरिकेतले पहिले प्रौढ हृदयारोपण केले. हृदयाच्या स्नायूवर किरणांचा फारसा परिणाम होत नाही, असे तोवर मानले जाई. फाहार्दो आणि स्ट्यूअर्ट यांनी तिथेच, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, शेक घेतलेल्यांच्या हृदयाच्या आवरणाला आणि स्नायूला होणारी इजा मांडली. दुसरीकडे, रोपलेले हृदय शरीर नाकारते आहे का हे पाहण्यासाठी फिलिप केव्ह्ज यांनी मानेच्या शिरेतून हृदयात सरकवायचा एक बारीक चिमटा १९७३ च्या सुमारास तयार केला. हृदयाचा कणभर तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येऊ लागला. मार्गारेट बिलिंगहॅम आणि मायकेल ब्रिस्टो यांनी तोच चिमटा डॉक्सोरुबिसिनच्या रुग्णांसाठी वापरला. या रुग्णांना धाप नव्हती, सूज नव्हती, आणि मात्रा रेघेच्या निम्म्यापेक्षाही कमी असताना स्नायूच्या पेशींत बिघाड दिसत होता. दुसऱ्याच कामासाठी घडवलेल्या हत्याराने, केवळ शेजारच्या इमारतीत असल्यामुळे, औषधाचे गुपित उघडे केले. तपासणी जोखमीची, रोजच्या वापराला न परवडणारी, म्हणून ती पसरली नाही. पुढे किरणोत्सारी द्रव्याने पंपिंग मोजण्याची रीत आली, मग सोनोग्राफीच्याच तत्त्वावर चालणारा टू-डी इको आला. पण 'लक्षणाच्या आधी इजा असते' हे सिद्ध झाले ते त्या चिमट्याने, ५५० चा अंमल पुरेपूर चालू असतानाच.

मुलांनी हा प्रश्न कायमचा उघडा केला. १९९१ मध्ये दोन अभ्यास पाठोपाठ आले. बोस्टनच्या स्टीव्हन लिपशुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी ल्यूकेमियातून बरी झालेली ११५ मुले तपासली. उपचाराला १ ते १५ वर्षे होऊन गेली होती. त्यांतल्या ५७ टक्के मुलांत हृदयाच्या आकुंचनशक्तीत किंवा त्याच्यावर पडणाऱ्या भारात दोष सापडला. न्यूयॉर्कच्या स्टाइनहर्त्झ गटाने २०१ जण ४ ते २० वर्षांनी पाहिले, त्यांतल्या २३ टक्क्यांचे हृदय कमी काम करत होते. कारणही समजण्यासारखे होते. मूल वाढते, अंगाची मागणी वाढते, पण औषधाने मारलेल्या स्नायूपेशी परत येत नाहीत. उरलेल्या पेशींना वाढत्या शरीराचा गाडा ओढावा लागतो. भिंत पातळ राहते, ताण वाढतो. म्हणजे प्रौढांच्या अनुभवावरून काढलेली रेघ मुलांना लावणे हेच मुळात चुकीचे होते, आणि ते कळले केव्हा, तर 'बरी झालेली' मुले कोणीतरी पुन्हा बोलावून तपासली तेव्हा.

त्याच १९९१ साली परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी 'आफ्टर कम्प्लीशन ऑफ थेरपी' म्हणजे एसीटी क्लिनिक सुरू केले. उपचार संपलेल्या मुलांना वर्षानुवर्षे बोलावून त्यांची वाढ, शिक्षण, संप्रेरके आणि हृदय तपासणारा हा भारतातला पहिला विभाग. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही तारीख मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण एरवी आपण अशा गोष्टी पश्चिमेकडून पंधरा-वीस वर्षांनी उसन्या घेतो. इथे तसे झाले नाही, आणि त्याला कारण होते. १९८० च्या दशकात टाटा मेमोरियल, चेन्नईची अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचे एम्स यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील इयन मॅग्राथ यांच्यासोबत मुलांच्या ल्यूकेमियासाठी एमसीपी-८४१ नावाची उपचारपद्धती आखली. तिच्यात डॉनोरुबिसिन होतेच. त्याआधी अशी मुले मोठ्या संख्येने दगावत. आता बरी होणारी मुले इतकी झाली की त्यांचे पुढे काय, हा प्रश्न उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. याच क्लिनिकमधून पुढे, २००९ मध्ये, बरे झालेल्यांचा 'उगम' हा गट उभा राहिला. आणखी एक गंमत (गंमत म्हणायची तर): परळमध्ये टाटा आणि केईएम एकमेकांच्या शेजारी आहेत. कर्करोगाचे आणि हृदयाचे दवाखाने चालत दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर असूनही साऱ्या जगात या दोन विद्यांना एकत्र यायला जे अंतर तोडावे लागले, ते रस्त्याचे नव्हतेच.

औषधावर उतारा मिळाल्यावर प्रश्न सुटेल, ही आशा मोठी होती आणि तिची कहाणी बरीच शिकवणारी आहे. लंडनमध्ये इम्पीरियल कॅन्सर रिसर्च फंडातल्या कर्ट हेलमान यांच्या गटाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस रेझॉक्झेन नावाचा पदार्थ केला, तो कर्करोगावर म्हणून. त्याचाच भावंड-रेणू डेक्सरेझॉक्झेन हृदय वाचवतो हे आधी प्राण्यांत, मग १९८८ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांत दिसले. १९९५ मध्ये अमेरिकेने त्याला परवानगी दिली, पण कोणाला? ज्यांचा रोग पसरलेला आहे आणि ज्यांना डॉक्सोरुबिसिनची ३०० मात्रा आधीच मिळून चुकली आहे त्यांनाच. म्हणजे निम्मी वाट चालून झाल्यावर छत्री. त्यामागची भीती पोकळ नव्हती. एका चाचणीत डेक्सरेझॉक्झेन घेणाऱ्यांत गाठ विरघळण्याचे प्रमाण कमी भासले होते, आणि जे हृदयाला वाचवते ते गाठीलाही वाचवत असेल तर काय, ही शंका कोणालाही येईल. पुढे २००७ मध्ये मुलांत दुसरा कर्करोग उद्भवण्याची शंका निघाली आणि २०११ मध्ये युरोपने मुलांसाठी ते बंद केले. २०१७ मध्ये, अधिक काळाचा पुरावा जमल्यावर, मोठी मात्रा मिळणार असलेल्या मुलांसाठी ती बंदी उठवली. दोन्ही वेळा निर्णय फिरला तो मोजणीची मुदत वाढली म्हणून. दरम्यान त्याच्या कामाचे स्पष्टीकरणही बदलले. आधी मानत की डॉक्सोरुबिसिन लोहाशी संगनमत करून घातक मुक्त कण तयार करते आणि डेक्सरेझॉक्झेन लोह पकडून ठेवते. २०१२ मध्ये ह्यूस्टनच्या संशोधकांनी उंदरांत दाखवले की हृदयाच्या पेशीतल्या टोपोआयसोमरेझ-टू-बीटा या प्रथिनावाचून ही इजा फारशी होतच नाही. गाठीत औषध मुख्यतः त्याच्या दुसऱ्या, अल्फा या रूपावर घाव घालते. एका रेणूचे दोन बळी वेगवेगळ्या दारांतून मरतात, हे कळल्यावर दोन्ही साधण्याची कल्पना भाबडी राहिली नाही.

हृदयतज्ज्ञाला कर्करोग विभागात कायमची खुर्ची मिळवून दिली ती मात्र डॉक्सोरुबिसिनने नाही, ट्रास्टुझुमॅबने. १९९८ मध्ये मान्यता मिळालेल्या या प्रतिपिंडाने काही प्रकारच्या स्तनकर्करोगाचे भविष्य बदलले. २००१ च्या मुख्य अहवालात दिसले की ते डॉक्सोरुबिसिनच्या जातीच्या औषधाबरोबर दिल्यास २७ टक्के स्त्रियांच्या हृदयाचे काम बिघडते, तर ट्रास्टुझुमॅबशिवाय ८ टक्क्यांच्या. कोणाला ही अपेक्षा नव्हती. त्यानंतरच्या चाचण्यांत दर तीन महिन्यांनी पंपिंग मोजणे बंधनकारक झाले. जुन्या, स्वस्त औषधासाठी तीस वर्षे जी शिस्त लागली नाही ती नव्या, महाग औषधासाठी तीन वर्षांत लागली. याचा अर्थ ज्याने त्याने लावावा, मला तो फारसा सुखाचा वाटत नाही. मग मिलानमध्ये, जिथे लाल औषध जन्मले तिथेच, युरोपियन इन्स्टिट्यूट ऑफ ऑन्कॉलॉजीत दानिएला कार्दिनाले आणि कार्लो चिपोल्ला यांनी पाहणे इकोच्याही आधी नेले. हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी वापरतात ते ट्रोपोनिन केमोनंतर रक्तात वाढते का, हे त्यांनी पाहिले. २००६ मध्ये त्यांनी ज्यांचे ट्रोपोनिन वाढले अशा ११४ जणांपैकी निम्म्यांना रक्तदाबासाठी रोज दिली जाणारी एनालाप्रिल ही साधी गोळी दिली. वर्षभरात गोळी घेणाऱ्यांत एकाचेही पंपिंग ठरलेल्या मर्यादेखाली गेले नाही, न घेणाऱ्यांत ४३ टक्क्यांचे गेले. एका केंद्राचा, मोठ्या मात्रेच्या रुग्णांचा हा अभ्यास आहे आणि नंतरच्या चाचण्यांत अशा गोळ्यांचा फायदा इतका झगझगीत दिसलेला नाही. स्टॅटिनच्या बाबतीतही तसेच: २०२३ मध्ये लिम्फोमाच्या ३०० रुग्णांत अॅटोर्व्हास्टॅटिनने फायदा दाखवला, त्याआधीच्या वर्षी एका चाचणीत तो दिसला नव्हता. गोळ्यांविषयी म्हणूनच सावध राहावे. पण मिलानच्या त्याच गटाने २०१५ मध्ये २,६२५ रुग्णांचा माग काढला तेव्हा जे दिसले ते अधिक पक्के आहे. ९ टक्क्यांना हृदयाची इजा झाली, त्यांतल्या ९८ टक्के प्रकरणांत ती उपचार संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षातच सापडली, आणि लवकर औषध सुरू केल्यावर बहुतेकांची ताकद थोडीफार तरी परतली. 'ही इजा कधीच भरून येत नाही' हा जुना सिद्धान्त बराचसा उशिरा शोधण्याचा परिणाम होता.

शेकाच्या बाबतीत तर रेघ मुळातच सापडत नाही. स्टॅनफर्डच्या २,२३२ हॉजकिन रुग्णांपैकी ८८ जण हृदयविकाराने गेल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले, अपेक्षेच्या तिपटीने. २०१३ मध्ये सारा डार्बी आणि सहकाऱ्यांनी स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या, स्तनाच्या कर्करोगासाठी शेक घेतलेल्या २,१६८ स्त्रियांचे जुने कागद उघडून प्रत्येकीच्या हृदयाला किती किरण लागले असतील याचा हिशेब मांडला. किरणांच्या दर एका ग्रे मात्रेमागे हृदयवाहिन्यांच्या मोठ्या दुखण्याचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढत होता. खाली कुठेही 'इथवर सुरक्षित' अशी पायरी नव्हती, आणि वाढ पाच वर्षांच्या आत सुरू होऊन तिसऱ्या दशकापर्यंत चालू राहत होती. यावर निघालेला सर्वांत परिणामकारक उपाय यंत्राइतकाच रुग्णाच्या छातीतला आहे: खोल श्वास घेऊन रोखायचा, फुप्फुस फुगते, हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकते, आणि तेवढ्या सेकंदांत डाव्या स्तनावर किरण सोडायचे.

राहिला आपल्याकडे हमखास घेतला जाणारा आक्षेप, पैशाचा. ज्या देशात अर्धवट उपचार सोडून जाणारे रुग्ण आहेत, तिथे प्रत्येकाचा वरचेवर इको, ट्रोपोनिन, हृदयतज्ज्ञाची भेट, ही चैन नाही का? शिवाय हृदयाच्या धास्तीने औषध कमी दिले गेले तर हृदय शाबूत आणि रुग्ण गेलेला, असेही होईल. दुसरा भाग अगदी खरा आहे, म्हणूनच २०२२ ची युरोपियन हृदयरोग संघटनेची पहिली सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे कर्करोगाचा उपचार तोडण्याऐवजी तो पूर्ण व्हावा याच हेतूने लिहिली आहेत: आधी धोका मोजा, रक्तदाब-साखर आवरा, मग औषध द्या. पहिल्या भागाचे उत्तर असे की जास्त खर्च नसलेल्या गोष्टींतच बरेचसे संरक्षण आहे. उपचाराआधी एक टू-डी इको, संपल्यावर वर्षभरात दुसरा, प्रत्येक भेटीत रक्तदाब. जास्त धोक्याच्या रुग्णांचे वेळापत्रक वेगळे. आपल्याकडे तर त्याची गरज अधिक, कारण स्तनाचा कर्करोग इथे पाश्चात्त्यांपेक्षा सरासरीने तरुण वयात गाठतो, हृदयवाहिन्यांचे विकारही लवकर येतात, आणि लहानपणच्या संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेली माणसे अजून आपल्यात आहेत. लेफ्राक यांच्या ३९९ जणांवरून आलेला आकडा अशा हृदयाला जसाच्या तसा लागू कसा व्हावा? आज 'मोठी मात्रा' म्हणून धरतात ती २५०. स्तनाच्या कर्करोगातल्या नेहमीच्या चार सायकली, दर सायकलीला ६०, म्हणजे २४०, तिच्या उंबऱ्यापाशी थांबतात. पन्नास वर्षांत रेघ निम्म्याखाली आली, आणि तीही रेघच आहे, चढण तिच्या अलीकडेही सुरू असते.

१९८० च्या दशकात एमसीपी-८४१ घेऊन घरी गेलेली मुले आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांतली काही मुंबईत आहेत, पुष्कळशी जिल्ह्यांत आणि तालुक्यांत. धाप लागली म्हणून ती जवळच्या डॉक्टरकडे जातात तेव्हा तो मधुमेह विचारतो, तंबाखू विचारतो, घरात कोणाला झटका आला होता का ते विचारतो. लहानपणी लाल औषध किती मिलिग्रॅम गेले, छातीला शेक बसला होता का, हे त्याला विचारायचे सुचले, तरी उत्तर एखाद्या पिवळ्या पडलेल्या डिस्चार्ज कार्डावरच असणार. त्यावर एकूण मात्रेचा आकडा आहे की नुसते 'उपचार पूर्ण' एवढेच, यावर तो डॉक्टर इको सांगेल की खोकल्याचे औषध देऊन पाठवेल, हे ठरते.